घोड्यांनी राखलेली जमीन

आमच्या वाशीमकडे शर्यतीचे मैदान म्हणजे पीक निघाल्यावर मोकळे झालेले शेत. शंकरपट संपतो, बैलजोड्या घरी जातात आणि पावसाळ्यात तिथेच सोयाबीन उभे राहते. त्यामुळे मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सचा विषय हाती घेतला, तेव्हा मला कुतूहल होते ते घोड्यांपेक्षा जागेचे.

ही जागा मुळात दलदलीची. अठराव्या शतकात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामधले मोठे खिंडार बांध घालून बुजवले गेले. भरतीचे पाणी अडले, आतली जमीन हळूहळू वर आली. तिथे १८८३ मध्ये रेसकोर्स झाले. त्याआधी घोडे भायखळ्याला धावत. आज भायखळ्यात ते मैदान शोधायला जा. घरे, दुकाने आणि रस्तेच हाती लागतात. घोडे गेले, जमीनही गेली. महालक्ष्मीची २११ एकर जमीन मोकळी राहिली, त्याचे श्रेय मी नगररचनाकारांना देत नाही. पैजांवर चालणाऱ्या खेळाला देतो. (आमच्या घरात पत्त्यांनाही बंदी होती, त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतो.)

जमीन सरकारची आणि महापालिकेची, टर्फ क्लब भाडेकरू. सकाळ-संध्याकाळ फिरायला येणाऱ्यांना आत वाट होती, एवढाच काय तो मालकांचा वावर. भाडेपट्टा २०१३ च्या मे महिन्यात संपला. उद्यानाची मागणी त्याच वर्षी पुढे आली आणि पुढे दहा वर्षे घोंगडे भिजत पडले. २०२४ मध्ये वाटणी ठरली: ९१ एकर २०५३ पर्यंत क्लबकडे, १२० एकर महापालिकेच्या सेंट्रल पार्कला. किनारी रस्त्यालगतची भरावाची जमीन त्याला जोडायची आहे.

जमिनीखाली क्रीडा संकुल बांधण्याची कल्पनाही याच आराखड्यात मांडली गेली. वर बाग, खाली संकुल. माझी शंका इथे सुरू होते. शर्यतींना सलग, मोकळी जमीन लागतेच. बागेला ती लागतेच असे नाही. पायवाट, प्रवेशद्वार, वाहनतळ, कारंजे असे एकेक करत बाग भरत जाते आणि त्यातले प्रत्येक काम लोकांच्या सोयीचेच असते. म्हणून त्या १२० एकरांत बांधकाम किती आणि माती किती, हा आकडा करारातच लिहिलेला हवा. भायखळ्याच्या वेळी तो कोणी मागितला नव्हता.