श्वसननिष्फलता

श्वसननिष्फलता : फुप्फुसे, श्वसनाचे स्नायू किंवा त्यांवर नियंत्रण ठेवणारी मज्जासंस्था यांत कोठेही बिघाड होऊन रक्ताला पुरेसा ऑक्सिजन न मिळणे अथवा रक्तातील कार्बन डाय-ऑक्साइड पुरेसा बाहेर न पडणे, या अवस्थेस श्वसननिष्फलता म्हणतात. रुग्णालयांत ‘रेस्पिरेटरी फेल्युअर’ हे नाव रूढ आहे. हा स्वतंत्र रोग नसून अनेक रोग, विषबाधा व इजा ज्या अवस्थेला येऊन पोहोचतात ती ही अवस्था होय. प्रत्येक धाप म्हणजे श्वसननिष्फलता नव्हे. उलट, धाप मुळीच न लागताही ती असू शकते. म्हणून तिची व्याख्या लक्षणांवर नव्हे, तर धमनीतील रक्तवायूंच्या दाबावर केली जाते.

प्रकार : निरोगी प्रौढाच्या धमनीरक्तात ऑक्सिजनचा दाब सु. ८० ते १०० मिमी. पारा आणि कार्बन डाय-ऑक्साइडचा ३५ ते ४५ मिमी. पारा असतो. ऑक्सिजनचा दाब ६० मिमी.खाली गेल्यास पहिल्या प्रकारची, तर कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब ४५ मिमी.च्या वर गेल्यास (काहींच्या मते ५० च्या वर) दुसऱ्या प्रकारची निष्फलता मानतात. ६० मिमी. ही सीमा सोयीपुरती घेतलेली नाही. या दाबाला रक्तातील सु. ९० टक्के हीमोग्लोबिन ऑक्सिजनने भरलेले असते. त्याखाली मात्र दाब थोडा उतरला तरी संपृक्तता झपाट्याने घसरते.

पहिल्या प्रकारात बहुधा फुप्फुस आजारी असते. वायुकोश पाण्याने वा पुवाने भरतात, रक्त त्यांच्याजवळून वाहते, पण ऑक्सिजन न घेताच पुढे जाते. दुसऱ्या प्रकारात फुप्फुसांतून हवेची ये-जाच कमी पडते. मग फुप्फुस निरोगी असले तरी उपयोग होत नाही. दुसऱ्या प्रकारात रुग्ण बाहेरून ऑक्सिजन घेत असेल, तर ऑक्सिजनचा आकडा बराच काळ चांगला दिसतो आणि कार्बन डाय-ऑक्साइड मात्र साचत राहतो.

कारणे : पहिल्या प्रकाराची प्रमुख कारणे न्यूमोनिया, हृदयविकारामुळे फुप्फुसांत पाणी होणे, फुप्फुसधमनीत गुठळी अडकणे, छातीच्या पोकळीत हवा शिरणे आणि तीव्र श्वसनक्लेश संलक्षण (‘एआरडीएस’) ही होत. एआरडीएसचे वर्णन अ‍ॅशबाव व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये १२ रुग्णांवरून केले. कोविड-१९ च्या साथीत हा शब्द सर्वतोमुखी झाला. दुसऱ्या प्रकारात दीर्घकालीन अवरोधी फुप्फुसविकार (‘सीओपीडी’) अग्रभागी आहे. भारतात त्याला तंबाखूइतकाच चुलीचा धूर कारणीभूत होतो, आणि स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांमध्ये तो विडी न ओढताही आढळतो. अफूजन्य औषधांची अतिमात्रा, पाठीच्या कण्याची तीव्र वक्रता, अतिस्थूलता व मायस्थेनिया (स्नायू दुबळे करणारा विकार) ही इतर कारणे आहेत. दमा सुरुवातीस पहिल्या प्रकारात मोडतो. रुग्ण थकल्यावर दुसऱ्यात जातो.

पोलिओ हे एके काळचे मुख्य कारण भारतातून नाहीसे झाले आहे (रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण २०११, पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र २०१४). स्नायुदौर्बल्याच्या कारणांत आता गिलाँ-बारे संलक्षण या मज्जातंतूंच्या विकाराला महत्त्व आहे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात त्याचा उद्रेक होऊन अनेक रुग्णांना व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्याकडे बोट दाखवले गेले.

दंश व विषबाधा : महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या गटाला पाठ्यपुस्तकांत मिळते त्याहून अधिक महत्त्व आहे. मण्यार रात्री वावरते व जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. तिचे दात बारीक असल्याने वेदना व सूज नगण्य असते. पुष्कळदा दंशाची खूणही सापडत नाही. रुग्ण पहाटे पोटदुखीने उठतो, मग पापण्या पडतात, गिळता येत नाही आणि श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. विष मज्जातंतूच्या टोकालाच इजा करते. ती इजा झाल्यावर प्रतिविषाने भरून येत नाही. टोके पुन्हा वाढेपर्यंत, म्हणजे काही दिवस ते काही आठवडे, यंत्राने श्वास द्यावा लागतो. या काळात रुग्ण हालचाल करू शकत नाही, बाहुल्याही स्थिर असू शकतात, पण तो शुद्धीवर असू शकतो. त्यामुळे मेंदूमृत्यूचा निष्कर्ष घाईने काढू नये. नागाचे विष तंतूच्या टोकापलीकडे, स्नायूवर काम करते, म्हणून तेथे नीओस्टिग्मीन व अ‍ॅट्रोपीन ही औषधे उपयोगी पडतात. मण्यारीच्या दंशात त्यांच्या उपयोगाबद्दल एकमत नाही. भारतातील बहुगुणी प्रतिविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चौघांसाठी असते.

कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने वेगळ्या मार्गाने निष्फलता येते : दरदरून घाम, थंड हातपाय, रक्तदाबाची उसळी आणि नंतर फुप्फुसांत पाणी होऊन गुलाबी फेस. महाड येथील डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात या दंशावर प्राझोसिन हे औषध वापरून निरीक्षणे ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केली, त्यानंतर मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके पोटात गेल्यास श्वासनलिका स्रावाने भरतात, मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते व स्नायू दुबळे होतात. सुरुवातीची लक्षणे ओसरल्यावर, १ ते ४ दिवसांनी, मान व श्वसनाचे स्नायू पुन्हा लुळे पडू शकतात. यामुळे सुधारलेल्या रुग्णालाही लगेच घरी सोडत नाहीत.

लक्षणे : श्वासाचा वेग मिनिटाला ३० वर जाणे, नाकपुड्या फुलणे, मान व बरगड्यांमधील स्नायू ओढले जाणे, एका दमात वाक्य पुरे न होणे, श्वास घेताना पोट आत जाणे. ओठ व जीभ निळी पडणे हे उशिराचे चिन्ह आहे. रक्तक्षय असल्यास ते दिसतही नाही. कार्बन डाय-ऑक्साइड साचल्यास सकाळी डोके दुखते, हात उबदार राहतात, पुढे केलेले पंजे फडफडतात व गुंगी येते. स्नायुदौर्बल्यात धाप व धडपड दिसत नाही. उशीवरून मान उचलता न येणे आणि एका श्वासात मोजता येणारे आकडे कमी होत जाणे या खुणा पाहाव्यात. दम्याच्या रुग्णाचा वेगवान श्वास मंदावून तो झोपाळू झाला, तर ती सुधारणा नसून थकवा समजावा. अशा वेळी कार्बन डाय-ऑक्साइडचा ‘सामान्य’ आकडाही धोक्याचाच असतो.

निदान : धमनीरक्तवायू परीक्षण निर्णायक असते. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर (मूळ कल्पना जपानचे ताकुओ आओयागी, १९७० चे दशक) फक्त ऑक्सिजनची संपृक्तता दाखवतो. कार्बन डाय-ऑक्साइडबद्दल तो काहीच सांगत नाही. कोळशाच्या धुराच्या विषबाधेत तो फसवा आकडा देतो, तसेच गडद त्वचेत खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवू शकतो. छातीचे क्ष-किरण चित्र व हृदयाची तपासणी कारण शोधण्यासाठी करतात.

उपचार : मूळ कारणाचा उपचार, ऑक्सिजन आणि आवश्यकतेनुसार श्वसनाला यांत्रिक आधार असे तीन भाग आहेत. ऑक्सिजन हे औषध असून त्याची मात्रा ठरवावी लागते. बहुतेक रुग्णांत संपृक्तता ९२ ते ९६ टक्क्यांच्या आसपास, तर सीओपीडीच्या रुग्णांत ८८ ते ९२ टक्के राखतात. त्यांना मुक्तहस्ते ऑक्सिजन दिल्यास कार्बन डाय-ऑक्साइड वाढतो. घट्ट मुखवट्यातून दाबाने हवा देण्याच्या पद्धतीचा (बायपॅप) सीओपीडीतील लाभ ब्रोशार व सहकाऱ्यांच्या १९९५ च्या चाचणीत स्पष्ट झाला : नळी घालण्याची वेळ ७४ टक्क्यांऐवजी २६ टक्के रुग्णांवरच आली. बेशुद्ध किंवा उलट्या होणाऱ्या रुग्णास ही पद्धत वापरत नाहीत. त्यास श्वासनलिकेत नळी घालून व्हेंटिलेटर लावतात.

व्हेंटिलेटर बरे करत नाही, वेळ मिळवून देतो. आणि तोच फुप्फुसाला इजाही करतो. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत एआरडीएसच्या ८६१ रुग्णांपैकी अर्ध्यांना दर श्वासाला अपेक्षित वजनाच्या प्रतिकिलो १२ मिलि., तर इतरांना ६ मिलि. हवा देण्यात आली. मृत्यू अनुक्रमे ३९.८ व ३१ टक्के झाले. २०१३ च्या फ्रान्समधील चाचणीत गंभीर रुग्णांना रोज सु. १६ तास पालथे झोपवल्याने २८ दिवसांतील मृत्यू ३२.८ वरून १६ टक्क्यांवर आले. स्टिरॉइडांचा उपयोग कोविडमध्ये सिद्ध झाला आहे. इतर कारणांच्या एआरडीएसमध्ये मतभेद आहेत.

इतिहास : ड्रिंकर व शॉ यांनी १९२८ मध्ये बॉस्टन येथे ‘लोखंडी फुप्फुस’ हे श्वसनाला आधार देणारे यंत्र वापरात आणले. १९५२ च्या उन्हाळ्यात कोपनहेगनला पोलिओची मोठी साथ आली. ब्लेगडॅम रुग्णालयात असे एकच मोठे यंत्र व छातीवर बसवायची सहा यंत्रे होती. साथीच्या पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावरील ३१ पैकी २७ रुग्ण दगावले. त्यांच्या रक्तातील वाढलेला कार्बन डाय-ऑक्साइड अल्कतेचे (रक्त अधिक अल्कधर्मी झाल्याचे) लक्षण समजला जात होता. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी ते अपुऱ्या श्वसनाचे चिन्ह असल्याचे सांगितले. २७ ऑगस्ट रोजी एका १२ वर्षांच्या मुलीच्या गळ्यात छिद्र करून त्यांनी रबरी पिशवीने हाताने हवा दिली व ती वाचली. त्यानंतर सु. १,५०० विद्यार्थ्यांनी पाळ्या लावून अनेक महिने पिशव्या दाबल्या. एका वेळी ७० पर्यंत रुग्ण असे जगवले गेले आणि मृत्यूंचे प्रमाण ८७ टक्क्यांवरून बरेच खाली आले. १९५३ अखेर इब्सेन यांनी त्याच शहरात सुरू केलेला विभाग हा अतिदक्षता विभागाचा आरंभ मानला जातो. रक्तवायू मापनाची सोपी साधनेही पॉल आस्ट्रूप यांच्या याच साथीतील कामातून पुढे आली.

दीर्घकालीन निष्फलता : घरी दिवसाला किमान १५ तास ऑक्सिजन दिल्यास निवडक सीओपीडी रुग्णांचे आयुर्मान वाढते.

प्रतिबंध : धूम्रपानत्याग, धूररहित चूल किंवा गॅस, इन्फ्लुएंझा व न्यूमोकॉकल लसी, सर्पबहुल भागात खाटेवर, कडा गादीखाली खोचलेल्या मच्छरदाणीत झोपणे.