क्रॉस-प्लॅटफॉर्म मोबाइल ॲप : बिल्ड, साइनिंग आणि रिलीज

एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रणालींसाठी ॲप तयार करणे, त्यावर निर्मात्याची डिजिटल स्वाक्षरी उमटवणे आणि प्ले स्टोअर व ॲप स्टोअरमार्फत ते लोकांच्या फोनवर पोहोचवणे, अशी ही तीन टप्प्यांची प्रक्रिया. पहिल्या टप्प्यावर पुस्तके आणि व्हिडिओ ढिगाने मिळतात. स्वाक्षरीचे, म्हणजे साइनिंगचे काम मात्र शेवटच्या रात्रीवर ढकलले जाते. वास्तविक ॲपची ओळख आणि पुढची कित्येक वर्षे त्याला अपडेट देता येणार की नाही, हे त्याच टप्प्यावर ठरते. म्हणून या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

ॲपलचे ॲप स्टोअर १० जुलै २००८ रोजी सुमारे ५०० ॲप्ससह सुरू झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अँड्रॉइड मार्केट आले. मार्च २०१२ पासून तेच गूगल प्ले या नावाने चालते. आयफोनसाठी ऑब्जेक्टिव्ह-सी आणि पुढे स्विफ्ट, अँड्रॉइडसाठी जावा आणि पुढे कोटलिन, अशा वेगळ्या भाषांमुळे एकच ॲप दोनदा लिहावे लागे. लहान संस्थेला हा दुप्पट खर्च झेपत नसे. त्यावर आधी फोनगॅपने वेबपान ॲपच्या आवरणात बसवण्याचा मार्ग काढला, झॅमरिनने सी-शार्पचा. फेसबुकने २०१५ मध्ये रिॲक्ट नेटिव्ह सर्वांसाठी खुले केले आणि डिसेंबर २०१८ मध्ये गूगलच्या फ्लटरची १.० आवृत्ती आली. पुढचे वर्णन फ्लटर समोर ठेवून केले आहे. रिॲक्ट नेटिव्हमध्ये आज्ञा बदलतात, पण स्वाक्षरीचे नियम तेच राहतात, कारण ते फोनच्या प्रणालीने घातलेले आहेत.

फ्लटरचे ॲप डार्ट भाषेत लिहितात. काम चालू असताना डीबग बिल्ड वापरला जातो. त्यात कोड चालता चालताच भाषांतरित होत असल्यामुळे एखादी ओळ बदलली की फोनवर लगेच परिणाम दिसतो. रिलीज बिल्डमध्ये मात्र सगळा कोड आधीच प्रोसेसरच्या यंत्रभाषेत उतरवला जातो. त्यामुळे ॲप जलद चालते, पण तपासणीची साधने गळून पडतात. या दोन बिल्डांमधला फरक केवळ वेगाचा नाही. फ्लटरच्या नव्या प्रकल्पात इंटरनेट वापरण्याची परवानगी डीबगच्या मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपच्या परवानग्या नोंदवणाऱ्या फाइलमध्ये, आपोआप लिहिलेली असते, मुख्य मॅनिफेस्टमध्ये नसते. विकसकाच्या टेबलावर महिनोन्महिने नीट चाललेले ॲप रिलीज होताच सर्व्हरशी बोलायचे थांबते आणि पडद्यावर नुसते चक्र फिरत राहते, ते बहुधा या एका ओळीमुळे. आर-एट हे साधन रिलीजच्या वेळी न वापरलेला जावा-कोटलिन कोड छाटून टाकते. त्यात कधी कधी गरजेचा क्लासही जातो आणि ॲप उघडताच बंद पडते. तेव्हा स्टोअरवर चढवण्याआधी रिलीज बिल्डच खऱ्या फोनवर, शक्यतो जुन्या आणि स्वस्त फोनवर, चालवून पाहावा.

प्रत्येक बिल्डला दोन क्रमांक लागतात. पबस्पेक फाइलमध्ये ते '१.२.०+७' अशा रीतीने एकत्र लिहितात. अधिकच्या चिन्हाआधीचा आकडा वापरणाऱ्यांना दिसतो, नंतरचा स्टोअरसाठी असतो. प्ले स्टोअरवर हा दुसरा आकडा वाढतच जावा लागतो; एकदा वापरलेला पुन्हा चालत नाही. अँड्रॉइडसाठी पूर्वी एपीके फाइल स्टोअरला देत. ऑगस्ट २०२१ पासून नव्या ॲप्ससाठी ॲप बंडल सक्तीचे आहे, आणि त्यातून प्रत्येक फोनला लागेल तेवढाच भाग गूगल वेगळा काढून देते. आयओएसचा बिल्ड करायला ॲपलचे एक्सकोड हे साधन लागते आणि एक्सकोड फक्त मॅकवर चालते. एकच कोड लिहिला तरी दुसरे यंत्र टळत नाही. ते विकत घ्यावे लागते किंवा भाड्याने वापरावे लागते.

आता स्वाक्षरी. बिल्डच्या फाइलींतून गणिताने एक छोटा सारांश काढतात आणि विकसकाजवळच्या खासगी किल्लीने तो सही करून फाइलीला जोडतात. त्या किल्लीची सार्वजनिक जोडी सर्टिफिकेटमध्ये असते. फाइलीतला एक बिटही नंतर कोणी बदलला तर पडताळणी फसते. इथपर्यंत दोन्ही प्रणाली सारख्या आहेत. सही कोणाची मानायची, या प्रश्नावर मात्र त्यांच्या वाटा पूर्णपणे वेगळ्या होतात.

अँड्रॉइडमध्ये विकसक आपले सर्टिफिकेट स्वतःच तयार करतो. कीटूल ही आज्ञा चालवली, नाव आणि पासवर्ड दिला, की कीस्टोअर फाइल तयार होते. नाव खरे आहे का, हे तिथे कोणी विचारत नाही. फोन पाहतो ते सातत्य : आधी बसवलेले ॲप ज्या किल्लीने सही केलेले होते, तिनेच हे अपडेटही सही केलेले आहे का? उत्तर नाही असेल तर अपडेट नाकारले जाते. मग जुने ॲप काढून नवे बसवण्यावाचून मार्ग उरत नाही आणि फोनवर साठवलेली माहिती त्यात जाते. किल्लीची मुदत दहा हजार दिवस, म्हणजे साधारण सत्तावीस वर्षे, ठेवण्याचा प्रघात याच कारणाने पडला. प्ले स्टोअरवर चढवायच्या सर्टिफिकेटची मुदत २२ ऑक्टोबर २०३३ नंतरच संपली पाहिजे, असा गूगलचा नियम आहे.

फ्लटरच्या नव्या प्रकल्पात रिलीज बिल्डही आरंभी डीबग किल्लीनेच सही होईल अशी तरतूद असते. ही किल्ली अँड्रॉइडची साधने प्रत्येक संगणकावर आपोआप बनवतात आणि तिचा पासवर्ड सगळीकडे 'अँड्रॉइड' हाच असतो. प्ले स्टोअर असा बिल्ड स्वीकारत नाही. स्वतःचे कीस्टोअर करून त्याचा पत्ता आणि पासवर्ड 'की डॉट प्रॉपर्टीज' फाइलमध्ये लिहायचा आणि ग्रेडल या बिल्डच्या साधनाच्या फाइलमधून ती वाचायची, ही रूढ पद्धत आहे. ही फाइल आणि कीस्टोअर कोडचा इतिहास जपणाऱ्या गिटमध्ये कधीही जाता कामा नये. नंतर पुसून टाकली तरी जुन्या कमिटमध्ये ती राहतेच. कीस्टोअरची प्रत निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि पासवर्ड एकाच माणसाच्या डोक्यात ठेवू नये. नोकरी सोडून गेलेल्या सहकाऱ्याबरोबर किल्लीही गेली, असे छोट्या कंपन्यांमध्ये घडत आले आहे.

या संकटावर २०१७ मध्ये प्ले ॲप साइनिंग ही सोय आली. ॲप बंडलबरोबर ती नव्या ॲप्सना लागूच झाली. हिच्यात किल्ल्या दोन असतात. अपलोडची किल्ली विकसकाकडे राहते, आणि लोकांच्या फोनवर जाणारी सही गूगल आपल्याकडच्या किल्लीने करते. अपलोडची किल्ली हरवली तर अर्ज करून बदलून मिळते. मोबदल्यात ॲपची खरी ओळख गूगलच्या तिजोरीत जाते, हे समजून घ्यावे. याचा एक परिणाम नवख्यांना हमखास छळतो. गूगल खात्याने लॉगिन करण्याची सोय ॲपमध्ये असेल तर पॅकेजचे नाव आणि सर्टिफिकेटचा एसएचए-१ ठसा आधी नोंदवावा लागतो. विकसक आपल्या किल्लीचा ठसा नोंदवतो, त्याच्या फोनवर लॉगिन व्यवस्थित चालते, आणि स्टोअरवरून उतरवलेल्या ॲपमध्ये तेच लॉगिन बंद. कारण तिथे सही दुसऱ्या किल्लीची असते. प्ले कन्सोलमधून तो दुसरा ठसाही घेऊन नोंदवला की प्रश्न मिटतो.

सहीची पद्धतही बदलत गेली. पहिल्या पद्धतीत एपीकेमधल्या फाइली एकेकट्या तपासल्या जात. २०१३ मध्ये ब्लूबॉक्स सिक्युरिटीने दाखवून दिले की एकाच नावाच्या दोन फाइली घुसवून सही न मोडता कोड बदलता येतो. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये संपूर्ण फाइलवर सही करणारी दुसरी पद्धत आली, आणि अँड्रॉइड ९ मधल्या तिसरीने किल्ली बदलण्याची सोय दिली.

ॲपलच्या व्यवस्थेत स्वतःच्या सहीला किंमत नाही. सर्टिफिकेट ॲपलनेच दिलेले लागते. त्यासाठी वर्षाला ९९ डॉलरचे सदस्यत्व घ्यावे लागते. गूगलकडे एकदाच २५ डॉलर भरायचे असतात. मॅकच्या कीचेनमध्ये खासगी किल्ली तयार होते, विनंतीची फाइल ॲपलकडे जाते आणि सर्टिफिकेट परत येते. त्याच्या जोडीला प्रोव्हिजनिंग प्रोफाइल लागते. कोणते ॲप, कोणाच्या सहीने, कोणत्या परवानग्यांसह आणि चाचणीसाठी असेल तर कोणत्या फोनांवर चालेल, हे सगळे त्यात बांधलेले असते. सहकाऱ्याने सर्टिफिकेट डाउनलोड करूनही त्याच्या मॅकवर सही होत नाही, ही नेहमीची तक्रार. खासगी किल्ली पहिल्याच मॅकमध्ये राहिलेली असते. ती पी-ट्वेल्व्ह फाइलमध्ये काढून द्यावी लागते. इथे किल्ली हरवली तर मात्र घाबरण्याचे कारण नाही. जुने सर्टिफिकेट रद्द करून नवे घेता येते, कारण ॲपची ओळख किल्लीत नसून ॲपलकडच्या खात्यात आहे. सदस्यत्वाचे नूतनीकरण राहिले तर ॲप स्टोअरवरून उतरते, ही त्याचीच दुसरी बाजू.

प्रकाशनाचे तंत्र त्यामानाने सोपे आहे. आयओएससाठी ॲपलच्या टेस्टफ्लाइट या चाचणीच्या सोयीतून १० हजारांपर्यंत बाहेरच्या परीक्षकांना बिल्ड देता येतो. तो ९० दिवस चालतो. प्ले स्टोअरवर १३ नोव्हेंबर २०२३ नंतर वैयक्तिक खाते उघडलेल्यांना आधी किमान १२ परीक्षकांसह सलग १४ दिवस बंद चाचणी घ्यावी लागते. एकट्याने ॲप करणाऱ्या विद्यार्थ्याने हे दिवस वेळापत्रकात धरलेच पाहिजेत. प्ले स्टोअरवर ॲपचे नाव आणि वर्णन मराठीतही देता येते, आणि मराठी माणसासाठी केलेल्या ॲपने ते द्यावेच. अपडेट एकदम सर्वांना न देता टप्प्याटप्प्याने सोडावे. ॲपल हे सात दिवसांत करते, गूगलकडे टक्केवारी विकसक ठरवतो. दोष दिसला तर वितरण थांबवता येते, पण ज्यांच्याकडे ते पोहोचले त्यांना मागे नेता येत नाही. वाढीव क्रमांकाचा नवा बिल्डच करावा लागतो.

स्टोअरबाहेरचा मार्ग अँड्रॉइडने पहिल्यापासून मोकळा ठेवला. एफ-ड्रॉइडसारखे मुक्त भांडार त्यावरच उभे आहे. फोनपेने फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू केलेले, मराठीसह १२ भारतीय भाषांतले इंडस ॲपस्टोअरही त्याच मोकळिकीत बसते. ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केले, की सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये प्रमाणित अँड्रॉइड फोनवर बसणारे ॲप, ते कुठूनही आलेले असो, ओळख पटवलेल्या विकसकाच्या नावावर नोंदलेले असले पाहिजे. पुढे ही अट इतर देशांतही नेण्याचा बेत आहे. फसव्या ॲप्सना त्याने आळा बसेल, हे खरे. पण नाव न विचारता केवळ किल्लीचे सातत्य पाहणारी अँड्रॉइडची मूळ रीत त्यामुळे ॲपलच्या परवान्याच्या रीतीजवळ सरकते आहे.