साहेब गेल्यानंतरचे इबांबी

२९ ऑगस्ट १८८२, लंडनचे ओव्हल मैदान. जिंकायला ८५ धावा हव्या असताना इंग्लंडचा डाव ७७ वर आटोपला आणि ऑस्ट्रेलियाने सामना ७ धावांनी जिंकला. 'अ‍ॅशेस'ची कथा सुरू होते ती या पराभवापासून. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा दुसऱ्या टोकाला २१ वर्षांचा एक तरुण एकही चेंडू न खेळता नाबाद उभा होता. त्याचे नाव चार्ल्स थॉमस स्टड. क्रिकेटच्या जाणकारांना सी. टी. स्टड एवढ्यापुरता आठवतो. मला तो भेटला तो वेलिंग्टनच्या पोस्टिंगमध्ये. तिथून जवळच असलेल्या उटीत हा माणूस १९०० ते १९०६ या काळात युनियन चर्चचा पाळक होता. कसोटीपटू उटीत धर्मोपदेशक कसा झाला, या कुतूहलापोटी वाचायला लागलो आणि वाचता वाचता थेट काँगोच्या जंगलात पोहोचलो.

स्टड घराण्याचा पैसा आपल्याच मातीतला. वडील एडवर्ड स्टड यांनी बिहारच्या तिरहुत भागात निळीच्या मळ्यांवर संपत्ती कमावली. चंपारण्य त्याच भागातले, हे इथे लक्षात ठेवावे. मुलाने १८८५ मध्ये केंब्रिजच्या सहा सोबत्यांसह चीन गाठले आणि वाट्याला आलेली वडिलोपार्जित रक्कम दान करून टाकली. तिथेच प्रिसिला स्टुअर्टशी लग्न झाले. पुढे चार मुली. प्रकृती ढासळल्यावर इंग्लंड, मग उटी, मग परत इंग्लंड.

१९१३ मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, दमेकरी शरीर घेऊन तो बेल्जियन काँगोला निघाला. सोबत एकच माणूस, आल्फ्रेड बक्स्टन हा केंब्रिजचा तरुण. १९०८ पर्यंत काँगो ही बेल्जियमचा राजा लिओपोल्डची खासगी जहागीर होती. रबरासाठी तिथल्या माणसांवर झालेले अत्याचार तेव्हा ताजे होते. अशा मुलखात गोऱ्या माणसावर कोणी सहज विश्वास टाकावा, अशी परिस्थिती नव्हती.

या कामासाठी काढलेल्या संस्थेचे नाव 'हार्ट ऑफ आफ्रिका मिशन'. कारभार मात्र पूर्ण घरचा. प्रिसिला लंडनमध्ये राहून पैसा आणि माणसे जमवायची. आल्फ्रेडने स्टडच्या एडिथ या मुलीशी लग्न केले. दुसरी मुलगी पॉलिन, तिचा नवरा नॉर्मन ग्रब, तोही याच कामात. १९१६ मध्ये दुसऱ्यांदा काँगोला गेलेला स्टड पुन्हा मायदेशी परतला नाही. प्रिसिला त्याला भेटायला काँगोत एकदाच आली, १९२८ मध्ये, तीही जेमतेम दोन आठवडे. पुढच्याच वर्षी ती वारली.

आता मुद्द्याकडे येतो. मुलूख अफाट, रस्ते नाहीत, भाषा अनेक आणि गोरी माणसे मूठभर. आपल्या भाषेत सांगायचे तर जबाबदारीचे क्षेत्र डिव्हिजनचे आणि हाताशी एक प्लाटून. त्यामुळे उपदेशाचे काम स्थानिक माणसांवर सोपवण्यावाचून गत्यंतर नव्हते. न्यांगारा, नाला आणि शेवटी इबांबी ही मुख्य ठाणी. तिथे शिकलेले सुवार्तिक पायी दूरच्या गावांना, परक्या टोळ्यांच्या प्रदेशातही जात. या लोकांच्या हातात वाचायला काही असावे म्हणून स्टडने उतारवयात नवा करार किंग्वानात, म्हणजे त्या भागातल्या स्वाहिलीत, आणला.

पण काम सोपवणे वेगळे आणि अधिकार सोपवणे वेगळे. स्टडची शिस्त कमालीची कडक. दिवसरात्र स्वतः राबायचा आणि सगळ्यांकडून तेच मागायचा. शेवटच्या वर्षांत जावई आल्फ्रेडचा आणि त्याचा मार्ग वेगळा झाला, लंडनच्या समितीशी वाद विकोपाला गेला. घराण्याने उभारलेल्या संस्थेत घरातले भांडण हे संस्थेचेच भांडण होते. १६ जुलै १९३१ रोजी तो इबांबीत वारला. धुरा गेली दुसऱ्या जावयाकडे, नॉर्मन ग्रबकडे. म्हणजे स्थानिक माणूस गावोगाव पायपीट करत होता, पण निर्णय अजून साहेबांच्या घरातच होत होते.

खरी परीक्षा झाली १९६४ मध्ये. संयुक्त राष्ट्रांच्या ज्या काँगो मोहिमेत आपली ब्रिगेड लढली, ज्यात ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथव्हिलला कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी प्राण दिले आणि एनडीएच्या वाट्याला पहिले परमवीर चक्र आले, ती मोहीम ३० जून १९६४ रोजी संपली. फौजा गेल्या आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सिम्बा बंडखोरांनी स्टॅन्लेव्हिल घेतले. इबांबीचा सारा मुलूख त्यांच्या ताब्यात गेला. मिशनरी कैदेत पडले, काही मारले गेले. स्थानिक ख्रिस्तीही मोठ्या संख्येने बळी पडले. १९५३ मध्ये काँगोत आलेल्या आणि इबांबीजवळच्या नेबोबोंगोत काम करणाऱ्या डॉ. हेलन रोझव्हेअर यांनी कैदेत मारहाण आणि बलात्कार सोसला. वर्षअखेरीस सुटका झाली. उरलेले गोरे देशाबाहेर पडले.

मग मंडळी मोडली का? नाही. चर्चा, शाळा, दवाखाने यांपैकी बरेच लुटले गेले, पण स्थानिक पाळकांनी माणसे धरून ठेवली. १९६६ मध्ये डॉ. रोझव्हेअर परतल्या तेव्हा त्यांचे मुख्य काम होते न्यानकुंडेला काँगोच्या तरुणांना वैद्यकीय प्रशिक्षण देण्याचे. नेबोबोंगोत त्यांच्या हाताखाली घडलेला स्थानिक साहाय्यक पुढे डॉक्टर झाला आणि त्याच रुग्णालयाचा प्रमुख बनला.

धर्मांतराविषयी तुमचे-माझे मत काहीही असो, सैनिकाला या इतिहासातली एक गोष्ट पटकन कळते. अधिकारी पडला तर जेसीओ, तो पडला तर हवालदार पुढे होतो, आणि हे युद्धात सुचत नाही, शांततेत शिकवावे लागते. स्टडने त्यातले अर्धे केले. माणसे तयार केली, त्यांना एकट्याने चालायला लावले, पण कमान सोडली नाही. ती सुटली बंडाच्या धुमाळीत, आणि त्याची किंमत बहुतांशी काँगोच्या लोकांनी मोजली. ती वेळेवर सोपवली असती तर रक्तपात टळला असता असे नाही, पण उभे राहण्याचा हक्क त्यांना संकटातून मिळवावा लागला नसता.

त्या मंडळीला आज १६ क्रमांकाचा समुदाय म्हणून ओळखतात. मोबुटूच्या काळात सरकारने सगळ्या प्रोटेस्टंट मंडळ्या एका छत्राखाली आणून त्यांना क्रमांक दिले, त्यातला हा क्रमांक. नावात 'आफ्रिकेचे हृदय' हे जुने शब्द कायम आहेत. पाळक मात्र तिथलेच आहेत आणि निर्णयही तेच घेतात.