तीन वेळा दहा

अरुणाचलमधल्या एका चौकीवरून उतरताना शेवाळलेल्या दगडावर पाय घसरला आणि उजव्या मांडीचं हाड मोडलं. ना गोळी, ना सुरुंग. मेसमध्ये सांगायलाही संकोच वाटावा असा अपघात. ऑपरेशन होऊन हाडात सळई बसली आणि दुसऱ्याच दिवशी घोटा हलवायला लावला. आता रोज सकाळी फिजिओथेरपी विभागात हजेरी असते. मी वजन बांधलेला पाय उचलतो, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असलेला हवालदार मोजतो. दहा झाले की थोडी उसंत, मग पुन्हा दहा, पुन्हा दहा.

हे ‘तीन वेळा दहा’ आलं कुठून, ते पडल्यापडल्या शोधलं. वेळ भरपूर होता.

पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीला गोळीने मांडीचं हाड मोडलेल्या दहा सैनिकांपैकी आठ दगावत, असा तेव्हाच्या डॉक्टरांचा अंदाज होता. स्ट्रेचरच्या प्रत्येक हिसक्याला हाडाची टोकं मांस फाडत आणि रक्त आतल्या आत वाहत राही. लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमसने एकोणिसाव्या शतकातच, खरं तर गुडघ्याच्या आजारासाठी, एक साधी चौकट केली होती: जांघेत चामड्याने मढवलेली कडी, दोन्ही बाजूंना लोखंडी सळ्या आणि त्यात ताणून बांधलेला पाय. थॉमस १८९१ साली गेला. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती चौकट युद्धावर नेली आणि १९१७ च्या आरासच्या लढाईपर्यंत हेच मृत्यू पाचात एकाच्याही खाली आले. मला डोंगरावरून खाली आणलं तेही थॉमस स्प्लिंटमध्येच.

जीव वाचला, पण पुढे महिनोन्‌महिने ताण लावून पडून राहायचं. तोवर गुडघा आखडायचा आणि मांडी वाळून जायची. १९३९ साली कील शहरात गेरहार्ड क्युंटशरने हाडाच्या पोकळीतच पोलादी सळई ठोकली. जर्मनीतल्याच अनेक शल्यचिकित्सकांनी त्याला वेड्यात काढलं. पुढे जर्मनांच्या कैदेतून सुटून आलेल्या दोस्त सैनिकांचे एक्स-रे काढले, तेव्हा मांडीत लांबच लांब सळई पाहून तिकडचे डॉक्टर चक्रावले. शत्रूने आपल्या कैद्यांवर केलेल्या ऑपरेशनमधून ही विद्या त्यांना कळली!

माझ्या लेखी खरा माणूस मात्र तिसरा. १९४४-४५ मध्ये शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात थॉमस डीलॉर्म नावाचा तरुण डॉक्टर होता. पायाला जखमा झालेल्या सैनिकांनी वॉर्ड भरलेले आणि हलक्या व्यायामाने कोणी लवकर बरं होत नव्हतं. लहानपणच्या मोठ्या आजारातून डीलॉर्म स्वतः वजनं उचलून सावरला होता. त्याने सैनिकांच्या पायात लोखंडी बूट घालून त्यावर वजनं चढवली. जड वजन, मोजक्या वेळा. दुबळ्या स्नायूला जपायचं असतं, या समजुतीच्या अगदी उलट. आधी तो बरेच फेरे करून घेई. १९४८ मध्ये त्याने ते तिनावर आणले: अर्ध्या वजनाने दहा, पाऊण वजनाने दहा, पूर्ण वजनाने दहा.

सळई दुसऱ्याने दोन तासांत बसवली, तेव्हा मी बेशुद्ध होतो. मांडीचं तसं नाही. मेडिकल बोर्डाने माझी श्रेणी उतरवली आहे. पुढच्या बोर्डात शेप-वन मिळेल की नाही, यावर पलटणीची कमांड अडकली आहे, आणि गुडघा अजून नव्वद अंशांपुढे जेमतेम वाकतो. रात्री झोप लागत नाही ती दुखण्याने नव्हे.

खडकवासल्याच्या ड्रिल स्क्वेअरवर उस्तादने अठराव्या वर्षी मला चालायला शिकवलं होतं. तिथेही टाचच होती. इथे दोन समांतर दांड्यांमध्ये, आरशासमोर, हवालदार तेच सांगतो: “साहब, पहले एड़ी.” मी मात्र पंजा आधी टेकतो, कारण त्या पायावर अजून भरवसा बसलेला नाही.

काल पहिल्यांदा जिना. चढताना चांगला पाय आधी, उतरताना मोडलेला. चार पायऱ्या चढलो. उतरताना गडबडून चांगला पाय पुढे टाकला आणि तोल गेला. हवालदाराने कमरेचा पट्टा धरला, मला वर उभं केलं आणि म्हणाला, “फिर से, साहब.”