सांडपाणी-विसर्गाची लोकसूचना (चिकलठाणा व सुखना नदी)

सांडपाणी-विसर्गाची लोकसूचना : नगरातील मैलापाणी किंवा कारखान्यांतील सांडपाणी शुद्ध न करता, अथवा अर्धवट शुद्ध करून, नदी, ओढा, नाला वा तलाव यांत सोडले जात असता, त्या पाण्याशी ज्यांचा पिण्याचा, शेतीचा, गुराढोरांचा किंवा मासेमारीचा नित्य संबंध येतो अशा काठच्या रहिवाशांना त्याची वेळेवर वर्दी देण्याचे दायित्व आणि त्या दायित्वाचे नियमन करणारे कायदे. भारतात या विषयावर स्वतंत्र कायदा नाही. जे आहे ते जलप्रदूषणविषयक अधिनियमाच्या निरनिराळ्या कलमांत, न्यायालयांच्या आदेशांत आणि माहितीच्या अधिकारात विखुरलेले आहे. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहराच्या पूर्वेस असलेल्या चिकलठाण्याजवळून वाहणारी सुखना नदी हे या विखुरलेपणाचे बोलके उदाहरण असल्याने प्रस्तुत नोंदीत तिच्या अनुषंगाने या विषयाचा परामर्श घेतला आहे.

जालना रस्त्यावरील चिकलठाणा हे मूळचे शेतकऱ्यांचे गाव. पुढे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत तेथे उभी राहिली, औषधे, मद्य व यंत्रसामग्री यांचे कारखाने आले, विमानतळ झाला, आणि १९८२ साली स्थापन झालेल्या महानगरपालिकेच्या वाढत्या विस्तारात गावाचे गावपण हळूहळू विरत गेले. शहराला दोन नद्या आहेत. पश्चिमेची खाम दक्षिणेकडे वाहत जाऊन गोदावरीवरील जायकवाडी धरणाच्या नाथसागर जलाशयास मिळते, आणि शहर पिण्याचे पाणी उचलते तेही याच जलाशयातून, हा विरोधाभास येथे केवळ नमूद करून ठेवण्याजोगा. पूर्वेची सुखना उत्तरेकडील डोंगरांतून निघून नारेगाव, चिकलठाणा व झाल्टा या गावांजवळून पुढे जाते आणि दुधनेस मिळते. दुधना पूर्णेस व पूर्णा गोदावरीस मिळत असल्याने दोन्ही नद्यांचे पाणी अखेरीस एकाच ठिकाणी जाते, मात्र खामेची चर्चा जितकी होते तितकी सुखनेची होत नाही. खाम शहराच्या भरवस्तीतून, पाणचक्कीच्या पायथ्याशी वाहते, म्हणून ती डोळ्यांसमोर राहते. सुखना शहराच्या पाठीमागून निघून जाते.

सुखना ही पावसाळी नदी. आश्विन सरला की तिचा नैसर्गिक प्रवाह ओसरतो आणि त्यानंतर पात्रात जे वाहते ते बहुतांशी वस्त्यांच्या व वसाहतीच्या नाल्यांतून आलेले पाणी असते. भूमिगत गटार योजनेखाली शहरासाठी उभारलेल्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रांपैकी कांचनवाडीचे १६१ दशलक्ष लिटर प्रतिदिन क्षमतेचे केंद्र खामेच्या बाजूस असून, सुखनेच्या खोऱ्यासाठी झाल्टा येथील ३५ दशलक्ष लिटरचे केंद्र आहे. केंद्राची क्षमता ही एक गोष्ट आणि मैलापाणी त्या केंद्रापर्यंत पोहोचणे ही निराळी गोष्ट, हे या विषयातील अवघे मर्म होय. ज्या वस्तीचे घरजोड मुख्य वाहिनीस जोडलेले नाहीत तिचे पाणी उघड्या नाल्याने थेट पात्रात उतरते. मुख्य वाहिनी गाळाने तुंबली म्हणजे रस्त्यावरील चेंबरचे झाकण उचलून काळे पाणी वर येते व उताराने ओढ्याकडे धाव घेते. आणि वीज गेली की उपसा केंद्रातील पंप थांबून विहीर भरते व जादा पाणी सांडीतून बाहेर पडते. यांपैकी पहिला प्रकार बारमाही आहे, उरलेले दोन अकस्मात घडणारे आहेत, आणि सूचनेच्या दृष्टीने हा भेद अत्यंत महत्त्वाचा ठरतो.

महाराष्ट्राने या विषयात पाऊल उचलले ते देशाच्या आधी. १९६९ साली राज्याने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला व त्याच्या तरतुदींनुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी प्रदूषण नियंत्रण मंडळ स्थापन झाले. त्यानंतर संसदेने जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ संमत केला आणि १ जून १९८१ पासून तो महाराष्ट्रात स्वीकारण्यात आला. त्याच्या कलम २४ ने नदी-नाल्यात प्रदूषक द्रव्ये जाणूनबुजून सोडण्यास मनाई केली, कलम २५ ने प्रत्येक नव्या निर्गमद्वारासाठी मंडळाची पूर्वसंमती आवश्यक ठरविली. तथापि प्रस्तुत विषयाशी खरा संबंध आहे तो कलम ३१ चा. अपघाताने किंवा अन्य अनपेक्षित घटनेने विषारी, अपायकारक अथवा प्रदूषक द्रव्य प्रवाहात, विहिरीत, गटारात वा जमिनीवर सोडले जात असेल वा सोडले जाण्याचा संभव असेल, आणि त्यामुळे पाणी दूषित होत असेल किंवा होण्याची शक्यता असेल, तर ते द्रव्य जेथून बाहेर पडते त्या जागेच्या प्रमुखाने विनाविलंब मंडळास व विहित केलेल्या इतर अधिकाऱ्यांस इत्तला द्यावी असे हे कलम सांगते. त्याच्या दुसऱ्या पोटकलमाने मलनिस्सारण व्यवस्था चालविणाऱ्या स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे महानगरपालिकेवरही, तेच बंधन घातले आहे. इत्तला न दिल्यास कलम ४२ खाली तीन महिन्यांपर्यंत कारावास किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड अशी आधीची योजना होती. २०२४ च्या दुरुस्तीने, जी राज्ये ती स्वीकारतील त्यांच्यापुरता, कारावासाच्या जागी दहा हजार ते पंधरा लाख रुपयांचा दंड आणला.

या कलमाची भाषा काळजीपूर्वक वाचली असता एक गोष्ट ध्यानात येते. वर्दी द्यावयाची ती वर, मंडळाच्या दप्तरात. खाली, नदीच्या काठी, कोणी कोणास काही सांगावे असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. मंडळास वर्दी मिळाली म्हणजे कलम ३२ अन्वये ते तातडीचे उपाय योजू शकते, द्रव्य काढून टाकू शकते, विसर्ग थांबविण्याचा हुकूम करू शकते. परंतु चिकलठाण्याच्या खालच्या अंगास ज्या शेतकऱ्याची विद्युत मोटार त्याच वेळी पात्रातून पाणी उपसून मेथीच्या वाफ्यात सोडीत असते, त्यास मोटार बंद कर असे सांगण्याचे काम या संपूर्ण व्यवस्थेत कोणाच्याही वाट्यास आलेले नाही. कायदेकर्त्यांच्या मनात दुष्टावा होता असे नव्हे. प्रदूषण हा राज्य व प्रदूषक यांच्यातील मामला आहे आणि काठचा रहिवासी हा फार तर तक्रारदार आहे, ही १९७४ च्या सुमाराची सर्वसाधारण समजूत होती. ती कायद्यात जशीच्या तशी उतरली. भोपाळच्या १९८४ च्या दुर्घटनेनंतर ही समजूत काहीशी ढळली, आणि घातक रसायनांविषयीच्या १९८९ च्या नियमांनी कारखान्याबाहेरील बाधित होऊ शकणाऱ्या लोकांना धोक्याचे स्वरूप व घ्यावयाची खबरदारी आधीच सांगून ठेवण्याचे बंधन कारखानदारावर घातले. मैलापाणी मात्र या औदार्याच्या कक्षेबाहेरच राहिले, कारण त्याने माणूस तत्काळ दगावत नाही.

प्रशासनास अशी सूचना देता येत नाही म्हणावे, तर त्यास प्रत्यक्षाचा आधार नाही. पाणी सोडण्याची जाहीर वर्दी देणे ही मराठवाड्याच्या कारभारातील अत्यंत रुळलेली गोष्ट आहे. पावसाळ्यात नाथसागराचे दरवाजे उघडावयाचे झाले म्हणजे पाटबंधारे खाते किती दरवाजे, किती फुटांनी आणि किती क्युसेकने विसर्ग होणार याचा आकडा जाहीर करते. जिल्हाधिकारी कार्यालयाकडून तहसिलीला, तहसिलीतून तलाठ्याला आणि तलाठ्याकडून कोतवालाला निरोप जातो. नदीकाठच्या गावांनी पात्रात उतरू नये, जनावरे व मोटारी वर काढाव्यात, असा इशारा काही तासांत गोदाकाठी पोहोचतो. पूर्वी कोतवाल चावडीपासून वेशीपर्यंत हलगी वाजवीत दवंडी देई, आज तेच काम मंदिराच्या वा ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरून आणि भ्रमणध्वनीवरील गावकीच्या समूहांतून होते. साधन बदलले, साखळी तीच राहिली. पाणी किती येणार हे सांगणारी ही साखळी पाणी कसले येणार हे सांगण्यास असमर्थ आहे असे मानण्याचे काही कारण नाही. तिला तसे सांगण्यास कोणी फर्माविलेले नाही, एवढेच.

परदेशांत असे फर्मान अलीकडेच निघाले. अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात २०१३ पासून अंमलात असलेल्या कायद्यानुसार, शुद्ध न केलेले वा अर्धवट शुद्ध केलेले मैलापाणी बाहेर पडल्याचे कळताच दोन तासांत राज्याच्या पर्यावरण खात्यास व चार तासांत जनतेस कळविणे मलनिस्सारण संस्थांवर बंधनकारक आहे. इंग्लंडमध्ये २०२१ च्या पर्यावरण अधिनियमाने पावसाळी सांडव्यातून होणाऱ्या प्रत्येक विसर्गाचे ठिकाण व प्रारंभाची वेळ एका तासाच्या आत प्रसिद्ध करण्याचे बंधन मलनिस्सारण कंपन्यांवर घातले, आणि ते १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. हे नियम वाचताना मराठी वाचकाने एक विवेक राखला पाहिजे. त्यांच्या मुळाशी अशी कल्पना आहे की नदी एरवी बऱ्या स्थितीत असते व विसर्ग ही तिच्यातील अपवादात्मक घटना असते. घटना घडली की घंटा वाजवावी, संपली की थांबवावी. सुखनेस हे माप जसेच्या तसे लावता येत नाही. जेथे पौष-माघात संपूर्ण प्रवाहच सांडपाण्याचा आहे, तेथे प्रत्येक तासाला घंटा वाजवावी लागेल, आणि सतत वाजणारी घंटा कोणी ऐकत नाही. तेव्हा अशा नदीसाठी सूचनेचे दोन स्वतंत्र प्रकार मानणे इष्ट : एक, पात्राच्या नित्याच्या स्थितीविषयी कायम लावलेला व ठरावीक मुदतीने बदलला जाणारा फलक, दुसरा, कारखान्याची टाकी फुटणे, प्रक्रिया केंद्र बंद पडणे, उपसा केंद्राची विहीर ओसंडणे अशा अकस्मात घटनांचा तातडीचा इशारा.

पहिल्या प्रकारचा आदर्श भारतातच उपलब्ध आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २७ जुलै २०१८ रोजी गंगेविषयी आदेश देताना, हरिद्वार ते उन्नाव या टप्प्यात प्रत्येक शंभर किलोमीटरवर पाणी स्नानास व पिण्यास योग्य आहे की नाही हे सांगणारे फलक लावण्यास फर्माविले. सिगारेटच्या पाकिटावर आरोग्याचा इशारा छापला जातो, मग श्रद्धेने गंगाजल पिणाऱ्यास तो का मिळू नये, हा न्यायाधिकरणाचा युक्तिवाद निरुत्तर करणारा होता. त्याच वर्षाच्या सप्टेंबरात केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने केलेली देशातील ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी न्यायाधिकरणासमोर आली. त्यांपैकी सर्वाधिक, म्हणजे ५३, महाराष्ट्रात होते. यादी झाली, कृती आराखडे झाले. त्या पट्ट्यांच्या काठी फलक लावण्याचे मात्र कोणी मनावर घेतले नाही.

सर्वोच्च न्यायालयाने या दिशेने आधीच दोन पावले टाकलेली होती. घातक कचऱ्याविषयीच्या १४ ऑक्टोबर २००३ च्या आदेशाने कारखान्याच्या मुख्य प्रवेशद्वाराबाहेर, हाताळल्या जाणाऱ्या रसायनांची व बाहेर पडणाऱ्या सांडपाण्याची माहिती फलकावर लावणे आवश्यक ठरले. आणि २२ फेब्रुवारी २०१७ च्या, पर्यावरण सुरक्षा समितीच्या याचिकेवरील निकालाने, अखंड स्वयंचलित मापनाचे आकडे राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर जनतेस खुले करण्याचा आदेश दिला. दोन्ही आदेश स्तुत्य आहेत, परंतु दोहोंत एक उणीव राहिली. ‘बीओडी १०’ किंवा ‘सीओडी २५०’ असा आकडा फलकावर पाहून खात्यातील अभियंत्यास जे कळते ते शेतकऱ्यास कळत नाही. त्यास हवे असते ते एवढेच, की हे पाणी आज जनावरांना पाजावे की नाही, कोथिंबिरीला द्यावे की नाही, आणि पात्रालगतच्या विहिरीचे पाणी उकळून तरी चालेल की नाही. उकळल्याने विष्ठाजन्य जंतू मरतात, रसायने जात नाहीत. नागरी मैला व औद्योगिक सांडपाणी एकाच पात्रात मिसळणाऱ्या चिकलठाण्यासारख्या ठिकाणी या भेदाचा उल्लेख नसलेली सूचना सूचना न देण्याइतकीच घातक होऊ शकते. दूषित पाण्याची वर्दी न मिळाल्याची किंमत महाराष्ट्राने अन्यत्र मोजलेली आहे. २०१२ साली पंचगंगेकाठच्या इचलकरंजीत काविळीची साथ पसरली तेव्हा पाण्याविषयी बोलणे सुरू झाले ते रुग्ण रुग्णालयात भरती होऊ लागल्यानंतर.

चिकलठाणा परिसरास दीर्घ मौनाचा अनुभव नवा नाही. शेजारच्या नारेगाव येथे शहराचा कचरा वर्षानुवर्षे टाकला जात होता, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये आसपासच्या ग्रामस्थांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या तेव्हा कोठे शहरास आपला कचरा कोठे जातो हे कळले. कचऱ्याची गाडी अडविता येते. वाहते पाणी अडविता येत नाही, म्हणून पाण्याच्या बाबतीत कागदाचाच आधार घ्यावा लागतो.

असा आधार, थोडका का होईना, आज उपलब्ध आहे. जल अधिनियमाच्या कलम २५ (६) नुसार मंडळाने दिलेल्या संमतीच्या अटींची नोंदवही ठेवणे बंधनकारक असून, त्या निर्गमद्वाराशी हितसंबंध असलेल्या वा त्यामुळे बाधित होणाऱ्या कोणाही व्यक्तीस ती वाजवी वेळेत पाहता येते. चिकलठाण्याच्या खालच्या अंगाचा शेतकरी या व्याख्येत निःसंशय बसतो. माहितीच्या अधिकाराखाली, २००५ च्या अधिनियमाप्रमाणे, पाण्याच्या नमुन्यांचे अहवाल तीस दिवसांत, आणि प्रश्न जीविताचा असल्यास अठ्ठेचाळीस तासांत मिळविता येतात. शेवटी कलम ४९ आहे : साठ दिवसांची नोटीस देऊन कोणीही नागरिक न्यायालयात फिर्याद दाखल करू शकतो आणि त्याने मागणी केल्यास मंडळाने आपल्याजवळील संबंधित अहवाल त्यास द्यावयाचे असतात, मात्र ते देणे सार्वजनिक हिताविरुद्ध आहे असे मंडळास वाटल्यास नकार देण्याची मुभाही त्याच कलमात आहे.