मापन (रसायनशास्त्रातील)

एखाद्या राशीची तिच्याच जातीच्या ठरलेल्या एककाशी तुलना करून संख्या काढणे म्हणजे मापन. रसायनशास्त्राच्या आरंभी वस्तुमान, आकारमान, तापमान आणि पदार्थाचे प्रमाण या चार राशी शिकाव्या लागतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या चिपळूण तालुक्यात, मुंबई-गोवा महामार्गावरच्या सावर्ड्यात त्या चारही राशी एकाच धंद्यात भेटतात. हे गाव कातासाठी ओळखले जाते.

कात करण्यासाठी खैराची साल आणि बाहेरचे फिकट लाकूड काढून आतल्या तांबूस गाभ्याच्या ढलप्या पाण्यात उकळतात. काढा आटवून घट्ट करतात आणि थंड जागी कित्येक दिवस ठेवून देतात. कातातला मुख्य घटक कॅटेचिन गरम पाण्यात सहज विरघळतो, थंड पाण्यात फारच थोडा. त्यामुळे तापमान उतरले की त्याचे स्फटिक वेगळे होतात. टॅनिन बरेचसे द्रवातच राहते. रानात मातीच्या मडक्यांत कात काढणाऱ्या कातकऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. तापमापीने त्या जाणकारीला आकडा दिला, एवढेच. हा आकडा व्यवहारात अंश सेल्सिअसमध्ये असतो; त्यात २७३.१५ मिळवले की केल्विन मिळते.

आकारमान मात्र फसवे असते. कोकणात धान्य पायलीने मोजत. पायली जागा मोजते, म्हणून एक पायली भात आणि एक पायली तांदूळ यांचे वजन सारखे भरत नाही. वस्तुमानाला आकारमानाने भागून येणारी घनता हाच फरक सांगते. पाणीही याला अपवाद नाही: ४ अंशांना एक लिटर पाण्याचे वस्तुमान जवळजवळ १,००० ग्रॅम असते, तर २७ अंशांना सुमारे ९९६.५ ग्रॅम. म्हणून प्रयोगशाळेतल्या मोजभांड्यावर ते कोणत्या तापमानाला बरोबर आहे हे छापलेले असते.

वस्तुमान या दगाफटक्यापासून मुक्त आहे, आणि म्हणूनच रसायनशास्त्राचा खरा भरवसा तराजूवर. मण, शेर, तोळा ही मापे मुलखागणिक बदलत; भारतात १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने टप्प्याटप्प्याने आली. किलोग्रॅम १८८९ पासून पॅरिसजवळ जपलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या ठोकळ्यावर अवलंबून होता; २० मे २०१९ पासून तो प्लांकच्या स्थिरांकावर बेतला आहे.

त्याच दिवसापासून पदार्थाच्या प्रमाणाचे एकक असलेल्या मोलचीही व्याख्या नेमक्या संख्येने होते: एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ × १०^२३ कण. कॅटेचिनच्या रेणूत कार्बनचे १५, हायड्रोजनचे १४ आणि ऑक्सिजनचे ६ अणू असतात, म्हणून त्याचा एक मोल सुमारे २९०.२७ ग्रॅम भरतो. न दिसणारे रेणू तराजूवर मोजण्याची ही युक्ती विद्यार्थ्याने सावकाश समजून घ्यावी. पुढची सगळी गणिते तिच्यावर उभी आहेत.

आता कातातल्या ओलाव्याचे मापन. नमुना तोलायचा, १०० अंशांपेक्षा थोड्या अधिक तापमानाला वजन स्थिर होईपर्यंत सुकवायचा, पुन्हा तोलायचा. समजा, १०.०० ग्रॅम कात सुकून ८.८० ग्रॅम उरला, ओलावा १२.० टक्के. हेच काम फक्त पूर्ण ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर केले, तर १० आणि ९ असे आकडे दिसतील आणि ओलावा १० टक्के ठरेल. शंभर किलो मालात हा दोन किलोंचा फरक झाला. सार्थ अंकांचा नियम यासाठीच आहे: उपकरणाने जेवढे अंक दिले, तेवढेच लिहावेत. आणि काटा मुळात शून्यावर नसेल, तर दहा वेळा तोलूनही तेच चुकीचे वजन येते. वाचने एकमेकांशी जुळली म्हणून ती खरी ठरत नाहीत.

भारतात वजनमापांचे नियमन आज वैध मापनशास्त्र अधिनियम, २००९ नुसार होते. तो १ एप्रिल २०११ पासून लागू आहे, आणि व्यापारात वापरल्या जाणाऱ्या तराजूची ठरावीक मुदतीने पडताळणी करून त्यावर शिक्का घेणे त्याने बंधनकारक केले आहे.