उकळीपाशी मुका होणारा तापमापी

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एडवर्ड डायर यांनी हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगररांगांत, कसौली येथे, ब्रुअरी सुरू केली. यांत्रिक शीतकरणाची सोय नसलेल्या त्या काळात किण्वन थंड ठेवायचे, तर डोंगरच गाठावा लागे. पुढे शीतकरण यंत्रे आली आणि याच उद्योगाची वारसदार असलेल्या मोहन मेकिन कंपनीने विसाव्या शतकात दिल्लीलगत गाझियाबादमधील मोहननगर येथे ब्रुअरी उभारली. आज गुरुग्रामच्या मायक्रोब्रुअरींत ऐन उन्हाळ्यातही किण्वनाच्या टाक्या थंड राहतात. पूर्वी डोंगर करीत असे ते काम आता तापमान नियंत्रक करतो.

अशा नियंत्रकाला ठरवलेले आणि प्रत्यक्ष तापमान यांतील फरक कळतो व त्यानुसार तो हीटरची शक्ती कमी-जास्त करतो. या पद्धतीचे गणित 1922 मध्ये निकोलस मिनोर्स्की यांनी जहाजांच्या स्वयंचलित सुकाणूसंबंधी मांडले. अनुभवी सुकाणूधारी चुकीचा अंदाज कसा घेतो, याचे निरीक्षण त्यामागे होते. माणसाच्या हातून शिकलेल्या या यंत्रावर आजही ‘मॅन्युअल’ हा पर्याय ठेवलेला असतो. त्याची गरज का भासावी?

त्याचे उत्तर त्याहून जुने आहे. 1760 च्या दशकाच्या आरंभी ग्लासगो येथे जोसेफ ब्लॅक यांनी दाखवून दिले, की उकळत्या पाण्याला कितीही उष्णता दिली, तरी त्याचे तापमान वाढत नाही; ती उष्णता वाफ होण्यात खर्ची पडते. हाच अप्रकट उष्मा. बीअरसाठी माल्टचा गोड काढा हॉप्स घालून साधारण तासभर उकळतात. या टप्प्यावर उकळी मंद आहे की काढा उतू जाण्याच्या बेतात आहे, हे तापमापी सांगूच शकत नाही.

समुद्रसपाटीपासून सुमारे 216 मीटर उंचीवरील दिल्लीत पाणी साधारण 99 अंश सेल्सिअसला उकळते. सुमारे 1,900 मीटरवरील कसौलीत 94 अंशांच्या आसपास. दिल्लीत नियंत्रकाला 96 अंश नेमून दिले, तर उकळी फुटत नाही. 102 नेमून दिले, तर ते तापमान कधीच गाठले जात नाही. हीटर पूर्ण शक्तीने चालू राहतो आणि काढा उतू जातो.

म्हणून येथे तापमानाऐवजी शक्ती ठरवावी लागते. मॅन्युअलमध्ये 60 टक्के म्हणजे हीटर दर दहा सेकंदांपैकी सहा सेकंद चालू. 3 किलोवॅटच्या हीटरकडून मग सरासरी 1.8 किलोवॅट शक्ती मिळते. एक किलोग्रॅम उकळत्या पाण्याची वाफ करण्यास सुमारे 2,257 किलोज्यूल लागतात. म्हणजे तासाला जास्तीत जास्त 2.9 लिटर पाणी उडून जाईल. उकळीचा जोर अशा रीतीने आधीच हिशेबाने ठरवता येतो.

मात्र या अवस्थेत यंत्र तापमानाकडे पाहत नाही. पातळी हीटरच्या खाली गेली, तरी ते दिलेली शक्ती पुरवीतच राहते. त्यामुळे उकळी संपेपर्यंत भांड्यापाशी माणूस हवा आणि किण्वनाच्या वेळी नियंत्रक पुन्हा स्वयंचलित अवस्थेत आणायला हवा. दिल्लीत परवान्याविना बीअर बनवता येत नाही. पण हा धडा पडताळण्यास बीअरची गरज नाही. चहाचे आधण आणि एक तापमापी पुरेसा आहे.